चिथावणीला चिथावणीच म्हणा

१८ जून हा द्वेषमूलक वक्तव्यांचा मुकाबला करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२१ साली ठरवलेला आंतरराष्ट्रीय दिवस. या निमित्ताने सरकारांना आणि समाजमाध्यम कंपन्यांना बोल लावले जातील, ते रास्तच आहे. पण आम्हा वृत्तपत्रवाल्यांच्या हातात जे आहे तेही तपासले पाहिजे : अशा वक्तव्याची बातमी आपण कोणत्या शब्दांत देतो?

डिसेंबर २०२१ मध्ये हरिद्वारला तीन दिवसांची धर्मसंसद भरली. तिच्या व्यासपीठावरून मुसलमानांविरुद्ध शस्त्रे उचलण्याची, त्यांना ठार मारण्याची आवाहने झाली. चित्रफिती देशभर फिरल्या. तरीही कित्येक बातम्यांत ती ‘वादग्रस्त विधाने’ ठरली. वाद दोन मतांत होतो. माणसे मारा, हे मत कसे म्हणायचे? ‘जीभ घसरली’ हा मथळा तर ठरवून केलेल्या भाषणाला अपघाताचे रूप देतो. ‘सर तन से जुदा’ या घोषणेला भावनांचा उद्रेक म्हणणेही तितकेच खोटे आहे. ती शिरच्छेदाची धमकी आहे. बोलणाऱ्याचा धर्म पाहून आपला शब्द मऊ किंवा कडक होत असेल, तर वाचकाचा आपल्यावर विश्वास का राहावा?

उलट बाजूची चूकही कमी घातक नाही. धर्मावरच्या प्रत्येक कठोर टीकेला द्वेष म्हटले, तर महाराष्ट्राचा निम्मा सुधारणेचा इतिहास आरोपीच्या पिंजऱ्यात जाईल. गोपाळ गणेश आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली. हमीद दलवाईंनी १९६६ साली मुंबईत तोंडी तलाकविरुद्ध सात महिलांचा मोर्चा काढला, त्यांनाही धर्मद्रोही ठरवले गेले. दोघांनी रूढींवर घाव घातले, माणसांवर हात उचलायला कोणाला सांगितले नाही. भारतीय न्याय संहिताही समाजांत वैर पसरवणे (कलम १९६) आणि धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणे (कलम २९९) हे गुन्हे वेगळे मानते. बातमीत मात्र दोन्हींची सरमिसळ होते.

मोरोक्कोतील रबात येथे २०१२ साली तज्ज्ञांनी चिथावणी कशाला म्हणायचे या प्रश्नावर सहा कसोट्या ठरवल्या : प्रसंग कोणता, बोलणारा कोण, हेतू काय, मजकूर व मांडणी कशी, ते किती लोकांपर्यंत पोहोचले आणि त्यातून प्रत्यक्ष हिंसा होण्याचा संभव किती. मथळा देण्यापूर्वी उपसंपादकाने यांतले तीन प्रश्न जरी विचारले, तरी पुष्कळ फरक पडेल.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्ली, उत्तर प्रदेश व उत्तराखंडच्या पोलिसांना तक्रारीची वाट न पाहता, वक्त्याचा धर्म न पाहता गुन्हे नोंदवायला सांगितले. एप्रिल २०२३ मध्ये तो आदेश सर्व राज्यांना लागू झाला. महाराष्ट्रातील मोर्चांमधली भाषणेही त्या सुनावणीत आली होती. अशा भाषणाची पहिली सार्वजनिक नोंद बहुधा तालुक्याच्या वार्ताहराचीच असते. तिथेच शब्द ढिला पडला, तर पुढचे सगळेच ढिले पडते.

वक्त्याने कोणाविरुद्ध, काय करायला सांगितले, हे स्पष्ट लिहावे. त्याच्या शिव्या आणि अफवा पुन्हा छापू नयेत. नाव द्यावे ते त्या वक्त्याचे आणि त्याच्या संघटनेचे. ‘हिंदू संतप्त’, ‘मुस्लिम समाज आक्रमक’ असे मथळे देऊन, त्या सभेकडे न फिरकलेल्या लाखो माणसांना आपण त्यांना न विचारता त्या व्यासपीठावर नेऊन बसवतो.