महागडे घड्याळ कुणाची वेळ दाखवते?

हल्ली एक युक्तिवाद सर्रास ऐकू येतो. पाच-दहा लाखांचे पोलादी घड्याळ म्हणजे चैन नव्हे, दूरदृष्टी आहे, असे सांगितले जाते. ते दणकट असते, रोज वापरता येते, पिढ्यान्‌पिढ्या टिकते आणि वर त्याची किंमत वाढत जाते. गंमत अशी की, हे सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांचे घड्याळ बँकेच्या लॉकरमध्ये असते. मी तसले घड्याळ गेली सहा वर्षे रोज वापरतो आहे. एसटीत, कोकणच्या पावसात, वर्गात फळ्यासमोर, मासळी बाजारात. त्या अनुभवाच्या आधारे मला या युक्तिवादाचा एकेक धागा तपासायचा आहे.

ते माझ्याकडे कसे आले, ते आधी सांगतो, कारण वाचकांच्या मनात पहिला प्रश्न तोच येणार. प्राध्यापकाच्या पगारात असले घड्याळ बसत नाही. माझे थोरले बंधू पंचवीस वर्षे कुवेतमध्ये नोकरीला होते. निरोपाच्या वेळी कंपनीने त्यांना स्वित्झर्लंडमध्ये बनलेले, पाणबुड्यांसाठीच्या घडणीचे हे घड्याळ भेट दिले. गावी परतल्यावर त्यांनी ते मला दिले. "मला आता कुठे वेळेवर पोहोचायचे आहे? तू घाल," एवढेच म्हणाले.

या सहा वर्षांत "किती वाजले?" असे मला विचारणारे बोटांवर मोजण्याइतके निघाले. "केवढ्याला पडले?" असे विचारणारे मात्र असंख्य. त्यानंतरचा प्रश्न "ओरिजिनल आहे ना?" आणि शेवटी आपुलकीचा सल्ला, "रोज कशाला घालता, सर?" ते वेळ बरोबर दाखवते का, असे आजवर एकानेही विचारलेले नाही. ज्या यंत्राचे एकच काम आहे, त्या कामाची चौकशी कुणालाच करावीशी वाटत नाही, यातच सगळे आले.

तर मीच सांगतो. माझे घड्याळ दिवसाला सुमारे चार सेकंद पुढे जाते, म्हणजे महिन्याला दोन मिनिटे. हा बिघाड नाही. स्विस क्रोनोमीटरच्या अधिकृत चाचणीत दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी सूट असते. म्हणजे माझे घड्याळ त्या परीक्षेत पास आहे. पण हजार रुपयांचे साधे क्वार्ट्झ घड्याळ महिनाभरात पंधरा ते तीस सेकंदांपलीकडे सहसा चुकत नाही. यांत्रिक घड्याळ सेकंदाला साधारण सहा ते आठ ठोके देते, तर क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. सायकोने २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानमध्ये पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणले, तेव्हा तेही भलतेच महाग होते. पुढच्या काही वर्षांत मात्र ते तंत्र गल्लीतल्या दुकानापर्यंत पोहोचले. अचूक वेळेसाठी जास्त पैसे मोजण्याची गरज तिथेच संपली.

मग महाग घड्याळे टिकली कशी? त्यांनी विकायची वस्तूच बदलली. रोलेक्सचे सबमरीनर १९५३ चे. तेव्हा ते पाण्याखाली काम करणाऱ्यांचे अवजार होते. आज पाणबुडे मनगटावर छोटा संगणक बांधून उतरतात आणि सबमरीनर सभागृहात, लग्नात, विमानतळावर दिसते. १९७२ मध्ये ओदमार पिगे या कंपनीने जेराल्ड जेंटा यांनी रेखाटलेले रॉयल ओक आणले. धातू पोलाद, पण किंमत कित्येक सोन्याच्या घड्याळांहून जास्त. १९७६ मध्ये पटेक फिलिपचे नॉटिलस आले, तेही जेंटा यांच्याच हातचे. कष्टकऱ्याच्या अवजाराचे रूप आणि श्रीमंताच्या दागिन्याची किंमत, असा हा संकर आहे. ज्याला कधी घाम गाळावा लागत नाही, त्याने घामाला टिकणारे घड्याळ मिरवायचे, ही त्यातली मेख.

आता गुंतवणुकीचा दावा. स्वयंचलित घड्याळाला मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी बसत जाते. लॉकरमध्ये ठेवले की दोन-तीन दिवसांत ते बंद पडते. बंद पडलेल्या घड्याळाला संपत्ती म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा, पण मग "रोज वापरता येते" हे वाक्य मागे घ्या. रोज वापरले की ओरखडे पडतात आणि ओरखडे पडले की भाव उतरतो. माझ्या घड्याळाच्या पट्ट्यावर एसटीच्या दांड्यांनी आपली सही केलेली आहे. शिवाय भाव नेहमी चढतोच, हेही खोटे. नावाजलेल्या घड्याळांचे फेरविक्रीचे भाव २०२२ च्या सुरुवातीला शिखरावर गेले आणि त्यानंतर दोन वर्षांहून जास्त काळ घसरत राहिले. त्या शिखरावर ज्यांनी "गुंतवणूक" केली, त्यांना विचारा.

देखभालीचा खर्च तर या हिशेबात कुणी धरतच नाही. असले यंत्र दर काही वर्षांनी उघडून, साफ करून, तेल घालून परत जुळवावे लागते. माझे मुंबईला पाठवावे लागले आणि परत यायला चार महिने लागले. बिलाच्या रकमेत चांगली वीस क्वार्ट्झ घड्याळे आली असती. त्या चार महिन्यांत मी आठशे रुपयांचे घड्याळ वापरले. एकाही तासाला उशीर झाला नाही.

सरकारला मात्र या वस्तूची जात नेमकी कळलेली आहे. २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या ठरावीक चैनीच्या वस्तू विकताना विक्रेत्याने गिऱ्हाइकाकडून १ टक्का आयकर आगाऊ गोळा करायचा, असा नियम आहे. त्या यादीत मनगटी घड्याळ आहे. त्याच्या सोबतीला चित्रे-पुतळे, यॉट, हेलिकॉप्टर आणि शर्यतीचे घोडे आहेत. "रोजच्या वापराचे घड्याळ" म्हणणाऱ्यांनी ही यादी एकदा वाचावी. शर्यतीच्या घोड्यावर बसून कुणी बाजारहाट करत नाही.

दुसऱ्या टोकाला कॅसिओचे एफ-९१डब्ल्यू पाहा. १९८९ पासून बनणारे, प्लास्टिकचे, जगभरच्या विद्यार्थ्यांच्या आणि मजुरांच्या हातावर दिसणारे स्वस्त घड्याळ. ग्वांतानामोच्या तुरुंगातील अनेक कैद्यांविरुद्धच्या अमेरिकी लष्करी कागदपत्रांत हे घड्याळ बाळगणे हाच संशयाचा एक मुद्दा म्हणून नोंदवलेला होता. २०११ मध्ये फुटलेल्या कागदपत्रांतून ते आणखी ठळकपणे पुढे आले. लाखो लोक घालतात ते घड्याळ काही जणांच्या मनगटावर पुरावा ठरले. माझ्या वाट्याला आले ते याच्या पासंगालाही न पुरणारे, पण जातकुळी तीच. एका मोठ्या हॉटेलचा दरवान एरवी मला दार उघडून सलाम करतो. दुरुस्तीच्या त्या चार महिन्यांत त्यानेच मला अडवून "काय काम आहे?" असे विचारले. माणूस तोच, दाढी तीच, सदराही तोच. त्या गरीब दरवानावर माझा राग नाही. मनगट पाहून माणूस ओळखायचा, हे त्याला शिकवलेले आहे.

कर्नाटकातले २०१६ हे साल मला या संदर्भात नेहमी आठवते. मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांना मित्राकडून भेट मिळालेल्या हुब्लो घड्याळावरून एवढा गदारोळ झाला की, शेवटी त्यांनी ते विधानसभा अध्यक्षांकडे सोपवून सरकारजमा केले. त्याच वर्षी केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही सार्वजनिक कंपनी बंद करायला मंजुरी दिली. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बेंगळुरूत जिचा घड्याळांचा कारखाना उभा राहिला, जिने शिक्षक, कारकून, रेल्वे कामगार यांच्या मनगटावर पहिल्यांदा घड्याळ बांधले, ती हीच एचएमटी. एका घड्याळावर महिनाभर चर्चा झाली. लाखो घड्याळे बनवणाऱ्या कामगारांचे काय झाले, यावर किती झाली?

माझा मुख्य आक्षेप यापुढचा आहे. घड्याळ जितके महाग, तितकी त्याच्या मालकाची वेळ मौल्यवान आणि इतरांची कवडीमोल, असा एक अलिखित नियम आपल्या सार्वजनिक जीवनात रुजला आहे. कुठलीही सभा पाहा. सतरंज्या अंथरणारा, मंडपवाला, चहा करणारा वेळेवर हजर असतो. ज्याच्या मनगटावर सगळ्यांत महाग घड्याळ, तो प्रमुख पाहुणा दीड तास उशिरा येतो आणि लोक टाळ्या वाजवतात. रोजंदारीवरचा मजूर पंधरा मिनिटे उशिरा आला तर त्याचा अर्धा रोज कापला जातो. बहुतेकदा त्याच्याकडे घड्याळही नसते. अशा ठिकाणी महाग घड्याळाचा खरा उपयोग एकच: दुसऱ्याला किती वेळ ताटकळत ठेवता येते, हे दाखवणे.

हाच रोग लग्नाच्या मांडवात शिरला आहे. धर्म कुठलाही असो, नवरदेवाला घड्याळ देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. एकेकाळी एचएमटीवर भागत असे. आता मुलाकडून कंपनीचे नाव आणि मॉडेल कळवले जाते. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याला चुकवण्यासाठी "आम्ही काही मागितले नाही, हौसेने दिले" हे वाक्य तयार असते. वधूपित्याची हौस कर्जाच्या हप्त्यांनी फिटते. ज्यांना ते परवडत नाही, ते हुबेहूब नक्कल आणून देतात आणि मग ती उघडी पडेल म्हणून मुलगी सासरी जीव मुठीत धरून राहते. वेळ दाखवणाऱ्या यंत्राने एवढे भय निर्माण करावे?

म्हणून माझी सूचना आहे की, घड्याळाची किंमत एकदा रुपयांऐवजी दिवसांत मोजा. रोज पाचशे रुपये मिळवणाऱ्या मजुराला दहा लाखांसाठी दोन हजार दिवस राबावे लागते. एकही सुट्टी न घेता, एक पैसाही न खाता, साडेपाच वर्षे. माझ्या भावाचा हिशेब वेगळा. पंचवीस वर्षांत, वर्षाला एक महिना या दराने, तो घरी जेमतेम दोन वर्षे राहिला. तेवीस वर्षे घेऊन कंपनीने त्याला वेळ मोजण्याचे यंत्र दिले. या घड्याळाची खरी किंमत कुठल्याही दुकानाच्या पावतीवर सापडणार नाही.

यावर दोन उत्तरे ठरलेली आहेत. पहिले, ही मत्सराची भाषा आहे. घड्याळ माझ्याच मनगटावर असताना मत्सर कुणाचा करू? दुसरे, यात कारागिरीचा सन्मान आहे. कारागिरी मलाही दिसते. शेकडो सूक्ष्म भागांचे ते चालते यंत्र सुंदर आहे, यात वाद नाही. पण हिमरू विणणाऱ्या किंवा पैठणी विणणाऱ्या हातांशी शंभर रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्याने जिनिव्हाच्या कारागिरीबद्दल गहिवरून बोलू नये. सन्मान करायचाच तर घराजवळून सुरुवात करावी.

महाग घड्याळे जाळून टाका, असे मी म्हणत नाही. ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ते लॉकरमधून काढावे आणि मनगटावर बांधून कामाला लावावे. ओरखडे पडू द्यावेत. लग्नात ते मागू नये, कुणी देऊ केले तर परत करावे. ज्यांच्याकडे नाही, त्यांनी ते नसल्याची लाज सोडावी आणि नकली आणून तिची भरपाई करू नये. आपल्या संस्थांनी, मंडळांनी, मशिदींच्या आणि मंदिरांच्या समित्यांनी एवढा एक ठराव करावा: पाहुणा आला नाही तरी कार्यक्रम ठरल्या वेळी सुरू होईल. पहिल्या रांगेतल्या दोन रिकाम्या खुर्च्या पाहून मागे बसलेल्या दोनशे माणसांना कळेल की, त्यांच्याही वेळेला किंमत आहे. त्यासाठी भिंतीवरचे तीनशे रुपयांचे घड्याळ पुरेसे आहे.