ग्रंथी लहान, कारभार महान



घरातील सून सकाळी उठते तीच थकलेली. इतरांना उकडत असता तिला थंडी वाजते. चेहरा सुजल्यासारखा दिसतो, केस गळतात, बोलणे मंदावते, सांगितलेले काम ध्यानात राहत नाही. अशा वेळी घरची वडीलधारी माणसे फारसा विचार न करता निकाल देऊन टाकतात: "हिला आळस भरला आहे." हा निकाल पुष्कळदा अन्यायाचा असतो, हे आज आम्हाला सांगावयाचे आहे. दोष त्या बाईच्या स्वभावात नसून तिच्या गळ्यातील एका लहानशा ग्रंथीत असू शकतो.

आपल्या शरीरात काही ग्रंथी अशा आहेत की, त्यांचा रस नळीवाटे बाहेर न जाता थेट रक्तात मिसळतो. त्यांना अंतःस्रावी ग्रंथी म्हणतात व त्या रसाला संप्रेरक अथवा हॉर्मोन. हा दुसरा शब्द इंग्लंडमधील शास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनी १९०५ साली रूढ केला. 'चालना देणारा' असा त्याच्या मूळ ग्रीक धातूचा भाव आहे. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका, गळ्यात फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड, मूत्रपिंडांच्या माथ्यावर अधिवृक्क, पोटात इन्शुलिन निर्माण करणारे स्वादुपिंड, आणि स्त्रीपुरुषांच्या जननग्रंथी, ही त्यांतील मुख्य होत. मुलाची उंची, मुलीचे वयात येणे, रक्तातील साखर, भीती वाटताच छातीत होणारी धडधड, या सर्वांमागे त्यांचाच हात असतो.

हा कारभार चालतो कसा? आपल्या दमणगंगेवरील मधुबन धरण सर्वांना ठाऊक आहे. पावसाळ्यात पाण्याची पातळी वाढली की दरवाजे उचलतात, ती उतरली की पुन्हा खाली सोडतात. पातळीवर कोणाची तरी नजर असते, म्हणून धरणही सुरक्षित राहते आणि खालची गावेही. शरीरात थायरॉईडच्या रसावर अशीच नजर पियुषिका ठेवते. रक्तात तो रस कमी पडला की ती थायरॉईडला अधिक जोराने हुकूम सोडते. पुरेसा झाला की हुकूम आवरता घेते. डॉक्टर रक्त तपासून जो 'टी. एस. एच.' पाहतात, तो म्हणजे हाच हुकूम. तो वाढलेला आढळला, तर थायरॉईड मागे पडत आहे असे बहुधा समजावे.

आता असे पाहा की, हा रस तयार करावयाचा तर आयोडीन हवे, आणि ते शरीरात उत्पन्न होत नाही. अन्नपाण्यातूनच यावे लागते. मोठ्या माणसाची रोजची गरज केवळ १५० मायक्रोग्रॅम. सत्तर वर्षांचे सर्व आयोडीन एकत्र केले तरी चार ग्रॅम भरत नाही, म्हणजे एक चमचाही नव्हे! परंतु तेवढेही न मिळाल्यास थायरॉईड रस देऊ शकत नाही, पियुषिकेचे हुकूम थांबत नाहीत, आणि ती बिचारी ग्रंथी राबून राबून फुगत जाते. यालाच गलगंड म्हणतात. तेथे कोणाची नजर लागलेली नसते, की कोणाचा शाप नसतो.

हा रोग पूर्वी हिमालयाच्या पायथ्याचा म्हणून समजला जाई. तेथील कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली एक प्रयोग आरंभिला. खोऱ्याचे तीन भाग पाडून दोहोंना आयोडीनयुक्त मीठ व एकास साधे मीठ देण्यात आले. सहा वर्षांनी पाहता, पहिल्या दोन भागांत गलगंड पुष्कळ कमी झाला होता. तिसऱ्यात तसा उतार दिसला नाही. पुढे त्यालाही ते मीठ मिळाले, तेव्हा तेथेही रोग हटला. १९६२ साली देशात गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. पुढील पाहण्यांत महाराष्ट्रातील औरंगाबाद आणि आपल्या उत्तरेचा भडोच, या जिल्ह्यांतही हा रोग आढळला. भडोच तर समुद्रापासून दूर नाही. तेव्हा समुद्र जवळ आहे म्हणून आपण निर्धास्त आहोत, असे कोणी मानू नये. मे २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास देशभर बंदी आहे.

गळ्याची गाठ डोळ्यांना दिसते; खरे नुकसान मात्र दिसत नाही. गर्भातील बालकाचा मेंदू आईच्या थायरॉईडच्या आधारावर वाढतो. तेथे उणीव राहिली तर मूल मंदबुद्धी अथवा मुकेबहिरे जन्मास येऊ शकते, आणि ती हानी मागाहून भरून निघत नाही. काही बालकांची ग्रंथी जन्मतःच अधू असते. जन्मानंतर दोनतीन दिवसांनी टाचेतील रक्ताचा एक थेंब तपासला, आणि पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू केले, तर असे मूल इतरांसारखे वाढून शाळेत जाऊ शकते.

म्हणून आमच्या मायबहिणींना आमचे सांगणे आहे. मीठ आयोडीनयुक्त आहे, अशी पिशवीवरील खूण पाहूनच घ्यावे. दारावर आलेले सुटे खडेमीठ स्वस्त म्हणून स्वयंपाकास वापरू नये. ते झाकणाच्या बरणीत, ओल व चुलीची धग यांपासून दूर ठेवावे आणि कालवणात शेवटी घालावे. मात्र आयोडीन हवे म्हणून मीठ वाढवू नये. दिवसाकाठी पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, ही मर्यादा होय. गरोदर स्त्रीचे रक्त वेळीच तपासून घ्यावे. डॉक्टरांनी थायरॉईडची गोळी दिली असल्यास ती सकाळी उपाशीपोटी नेमाने घ्यावी. बरे वाटले म्हणून ती आपल्या मनाने सोडू नये, आणि दिवस राहिले असता तर मुळीच नव्हे.

आणि पुरुषमंडळींना एवढेच सांगू की, घरातील थकलेल्या बाईला बोल लावण्याआधी तिला एकदा सरकारी दवाखान्यात घेऊन जा. कठोर शब्दाने ज्या बाईला उठवता आले नाही, तिला एक लहानशी गोळी कदाचित पुन्हा उभी करील.