माहेर पाहून रोप निवडावे

न्यू जर्सीला मुलाकडे राहणाऱ्या आमच्या ताईचा दोन हिवाळ्यांपूर्वी फोन आला. "अरे, माझं माशीखाऊ झाड गेलं रे!" आवाज असा, की क्षणभर मला घरातले माणूसच गेले असे वाटले.

झाड होते व्हीनस फ्लायट्रॅप. पानाचे दोन पंजे मिटून माशी पकडणारे. बाहेर बर्फ पडू लागला, तसे ताईने ते उचलून घरात हीटरच्या उबेला ठेवले. नळाचे पाणी घातले, वर चमचाभर खतही दिले. तीस वर्षांच्या लेकामागे अजून स्वेटर घेऊन धावणारी ती! झाड त्या मायेनेच गेले.

मी मराठीचा मास्तर. झाडांशी माझा संबंध कवितेतल्या फुलांपुरता. तरी ताईसाठी पुस्तके चाळली, तेव्हा उलगडा झाला. या वनस्पती मांसाहारी झाल्या त्या हौसेने नव्हे, गरिबीने. त्यांच्या दलदलीच्या आंबट मातीत नत्राचा दुष्काळ. तो त्या किड्यांवर भागवतात. म्हणूनच खत आणि क्षारांचे पाणी त्यांना विषासमान. पीट आणि वाळू, पावसाचे पाणी, भरपूर ऊन, एवढ्यावर त्या सुखी असतात. थंड मुलखातल्या जातींना हिवाळ्यात तीन-चार महिने झोपही हवी. ऊब देऊन जागे ठेवले, तर त्या थकून मरतात.

"मग आपली मेघालयातली घटपर्णी लावू का?" ताईने विचारले. म्हटले, तिला परदेशी न्यायला कायद्याची आडकाठी आहे, आणि पाणी गोठवणारी थंडी तिला सोसणारही नाही. सोयरीक जुळवताना पाहतो तसे रोपाचेही माहेर पाहावे. फ्लायट्रॅपचे माहेर उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्याकडे, म्हणजे तुझ्या दक्षिणेला. ते बाहेर राहील, पण हिवाळ्यात वर पाइनच्या पानांचे जाड पांघरूण घालावे लागेल. जांभळी घटपर्णी मात्र थेट कॅनडापर्यंतची. न्यूफाउंडलंडने १९५४ साली तिला आपले मानाचे फूल ठरवले. कलशातले पाणी गोठले तरी ती तगते. आपण कासच्या पठारावर दवबिंदू पाहिले होते ना? त्यांची गोल पानांची एक चुलत बहीण थंडीत घट्ट कळी होऊन निजते. या दोघी तर तुझ्या न्यू जर्सीच्याच पाइन बॅरन्समधल्या. मात्र रोप रोपवाटिकेतूनच घे, रानातून उपटलेले नको.

"डास तरी खाईल ना?"

"खाईल की. पण डासांची एक जात त्या कलशातच अंडी घालते!"

ताईने जांभळी घटपर्णी आणली. मोठ्या टबात लावून टब जमिनीत पुरला. या जानेवारीत म्हणाली, "वर हातभर बर्फ आहे रे. उचलून आत आणावंसं वाटतं."

"मग?"

"मग काय! खिडकीतून बघते."

एप्रिलमध्ये नवे कलश फुटल्याचे तिने कळवले. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "आज बंड्या स्वेटर न घालताच कामाला गेला. मी काही बोलले नाही हो."