लहान बेट, मोठं अंगण

दुसरबीड आणि ऊस हे नातं जिजामाता सहकारी साखर कारखान्यामुळे आपल्या ओळखीचं. याच उसाने हिंदी महासागरात एक अख्खा देश वसवला : मॉरिशस.

या बेटावर मूळचे रहिवासी नव्हतेच. डच, फ्रेंच, इंग्रज आले. आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले गेले. 1834 पासून सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर उसाच्या मळ्यांत कामासाठी करारावर तिथे उतरले. त्यांत कोकणातली मराठी माणसंही होती. आज साडेबारा लाखांच्या आसपास वस्तीच्या या देशात हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, चिनी वंशाचे लोक एकत्र नांदतात. क्रिओल बहुतेकांची बोली आहे. महाशिवरात्र, ईद, नाताळ, चिनी नववर्ष आणि गणेश चतुर्थी या सगळ्यांना सरकारी सुट्टी असते. तिथले मराठी भाषक मूठभर. तरीही शाळेत मराठी शिकवली जाते.

एकोपा आपोआप टिकत नाही. त्याला शाळेत, पंचांगात आणि कायद्यात जागा द्यावी लागते. तिथे आपण अल्पसंख्य आहोत आणि आपल्या भाषेला मान मिळतो, याचा आनंद आहेच. मग इथे, जिथे आपण बहुसंख्य आहोत, तिथे बंजारा तांड्यावरून येणाऱ्या मुलाच्या गोरमाटी बोलीला आणि शेजारच्या घरातल्या उर्दूला तोच मान आपण द्यायला हवा. सुरुवात गावच्या शाळेपासून करू या.

— संपादक, दुसरबीड