सापाचं अंथरूण

दोस्तांनो, श्रावणातली गोष्ट. नागपंचमी होऊन दोनच दिवस झाले होते. परिपाठ आटोपून मी चौथीच्या वर्गात आले, तर शेवटच्या रांगेत सगळी डोकी एका दप्तरावर वाकलेली. मला बघताच डोकी झटकन सरळ झाली आणि ते दप्तर कुणीतरी हळूच पायाने मागे ढकललं.

"काय आहे त्यात?"

कुणी बोलेना. शेवटी एका मुलीला राहवलं नाही. "बाई, त्याना दप्तरमा साप शे!"

खरं सांगते, माझ्या पायातलं बळच गेलं. सगळ्यांना आधी व्हरांड्यात काढलं, दप्तराला कुणी हात लावायचा नाही असं बजावलं आणि शेजारच्या गावातल्या सर्पमित्र दादांना फोन केला. ते आले, दप्तर उघडलं. आत गोळ्या-बिस्किटांच्या दुकानात असते तशी प्लॅस्टिकची बरणी. झाकणाला कर्कटकाच्या टोकाने पाडलेली भोकं. आत पांढराशुभ्र कापूस, आणि त्यावर पेन्सिलीएवढ्या जाडीचा, तपकिरी अंगावर पांढरे आडवे पट्टे असलेला एक साप वेटोळं करून बसलेला.

दप्तराचा मालक रडवेला झाला होता. खिचडीच्या खोलीमागे सरपणात त्याला हा साप दिसला. काडीने ढकलत ढकलत त्याने तो बरणीत घेतला. तो घरी नेऊन पाळायचा होता. आणि कापूस? तो आजीच्या वातींचा. "त्याले मऊ लागाले पायजे ना बाई," तो म्हणाला.

दादांनी बरणी न उघडता, चारी बाजूंनी फिरवून बराच वेळ बघितली. मग म्हणाले, "कवड्या आहे. बिनविषारी." आम्ही सुटकेचा श्वास सोडला. पण ते हसले नाहीत. त्या मुलाजवळ बसून हळूच म्हणाले, "बाळा, हीच मण्यार असती तर?"

मण्यार आणि कवड्या लांबून अगदी भावाभावांसारखे दिसतात. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे मानेच्या बरेच मागून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक असतात. पण दादांनी लगेच बजावलं, "हे पाठ करून कुणी पट्टे मोजत बसायचं नाही. मला इतकी वर्षं झाली, तरी मीसुद्धा घाई करत नाही. साप दिसला की लांब उभं राहायचं आणि मोठ्या माणसाला हाक मारायची."

एवढं झालं तरी आमच्या पठ्ठ्याचा एक प्रश्न उरलाच होता. "कापूस नको, तर मग त्याच्याखाली काय टाकायचं?"

प्रश्न चांगला होता. उत्तर मला येत नव्हतं. मी म्हटलं, "शनिवारी सांगते." मग चार पुस्तकं वाचली, दादांना विचारलं आणि शनिवारी फळ्यावर तीन शब्द लिहिले : ऊब, ओल, आडोसा.

सापाच्या अंथरुणाचं सगळं शास्त्र या तीन शब्दांत आहे.

आधी ऊब. आपलं शरीर आतून गरम राहतं, सापाचं नाही. त्याला ऊब बाहेरून घ्यावी लागते. थंडी वाटली की उन्हात यायचं, तापलं की सावलीत किंवा जमिनीखाली जायचं. म्हणून प्राणिसंग्रहालयात सापाच्या पेटीची एक बाजू उबदार आणि दुसरी गार ठेवतात. त्याला हवं तिकडे तो सरकतो.

दुसरी ओल. हवा फार कोरडी झाली तर कात नीट निघत नाही, तुकड्यातुकड्यांनी अंगाला चिकटून राहते. आणि खालचं अंथरूण सतत ओलं राहिलं तर पोटाखालच्या खवल्यांना फोड येतात, ते सडतात. म्हणजे ओल हवी, चिखल नको.

तिसरा आडोसा. साप भित्रा प्राणी. अंग लपवायला जागा नसेल तर तो सतत घाबरलेला राहतो, खाणंसुद्धा सोडतो.

आता या तीन शब्दांवर एकेक वस्तू तपासू.

कापूस : आपल्या खानदेशात कापसाला काय तोटा! आणि दिसतोही किती मऊ. पण सापाला पाय नसतात. पोटाखालचे रुंद खवले जमिनीच्या खडबडीत भागाला अडकवून तो पुढे सरकतो. कापसावर त्याला पकडच मिळत नाही. तंतू तोंडात, दातांत अडकतात, भक्ष्याबरोबर पोटातही जातात. जे आपल्याला मऊ, ते सापाला जाळं!

वर्तमानपत्र : स्वस्त आणि स्वच्छ. घाण झाली की गुंडाळून फेकलं, नवं टाकलं. विष्ठा कशी आहे, रक्त पडलंय का, अंगावरचे बारीक कीटक खाली पडलेत का, सगळं कागदावर लगेच दिसतं. म्हणून जखमी किंवा आजारी सापाला बरेचदा कागदावरच ठेवतात. दवाखान्यातली पांढरी चादर म्हणा ना! पण कागदात शिरता येत नाही आणि ओलही टिकत नाही. चार दिवसांसाठी ठीक, कायमचं नाही.

लाकडाचा भुसा : अमेरिकेत कॉर्न स्नेक नावाचा बिनविषारी साप लोक घरात पाळतात. मक्याच्या कोठारात उंदीर खायला येणारा तो साप. त्याच्याखाली अ‍ॅस्पेन नावाच्या झाडाच्या लाकडाचा कीस घालतात. पण सीडरचा भुसा चुकूनही घालत नाहीत. त्या लाकडाचा वास आपल्याला छान वाटतो, पण तो ज्या तेलांमुळे येतो ती तेलं बंद पेटीत सापाच्या फुप्फुसांना आणि यकृताला बाधतात. वखारीतल्या भुशाचंही तसंच. तो कुठल्या कुठल्या लाकडांचा ते ठाऊक नसतं, आणि बारीक धूळ नाकात जाते ती वेगळीच.

नारळाच्या शेंडीचा चुरा : हा पाणी धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. आफ्रिकेतला बॉल पायथन नावाचा छोटा अजगर बिळात राहणारा. त्याला अशी ओल मानवते.

वाळू : सरसकट सगळ्या सापांना चालत नाही, कारण भक्ष्याला चिकटून ती पोटात जाते. पण आपलं मांडूळ आणि डुरक्या घोणस यांचं मात्र घरच भुसभुशीत माती-वाळूत. अंग मातीत पुरून, नुसतं डोकं बाहेर ठेवून डुरक्या घोणस वाट बघत बसते. तिला गुळगुळीत फरशीवर ठेवणं म्हणजे माशाला ताटात ठेवणं.

वाळूवरून एक खरी हकिगत सांगते. तमिळनाडूत चेन्नईजवळ वडनेमेली इथे इरुळा आदिवासींची साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था १९७८ सालापासून आहे. सरकारच्या परवानगीने ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं पकडतात आणि त्यांचं विष काढतात. त्या विषापासूनच सर्पदंशावरचं औषध बनतं. हे साप ते कशात ठेवतात माहीत आहे? मातीच्या मडक्यात! तळाला वाळू, तोंडावर सुती कापड घट्ट बांधलेलं. मडक्यात अंधार म्हणजे आडोसा. माती गार राहते, आपल्या माठासारखी. कापडातून हवा खेळते. काही आठवड्यांनी विष काढून झालं की सापांना परत रानात सोडतात. ना काचेची पेटी, ना विजेचा दिवा. पिढ्यान्‌पिढ्या साप ओळखणाऱ्या माणसांचं हे शहाणपण.

आपल्या राज्यातही पुण्याला कात्रजचं सर्पोद्यान आहे. नीलिमकुमार खैरे यांनी ते १९८६ साली उभं केलं. सहलीला गेलात तर साप बघून झाल्यावर लगेच पुढे पळू नका. त्याच्याखाली काय अंथरलंय, लपायला काय ठेवलंय तेही बघा आणि वहीत लिहा.

करून बघा : चार वाट्या घ्या. एकीत कागदाचे तुकडे, दुसरीत वाळू, तिसरीत नारळाच्या शेंडीचा चुरा, चौथीत कापूस. प्रत्येकीत दोन-दोन चमचे पाणी घाला आणि सावलीत ठेवा. दुसऱ्या दिवशी बोट लावून बघा. आमच्या वर्गात कागद वाळून वाकडा झाला, वाळू वरून कोरडी आणि खाली ओली निघाली, शेंडीचा चुरा सगळीकडे सारखा दमट राहिला आणि कापसाचा नुसता गिच्च गोळा झाला. सापाशिवाय सापाचा प्रयोग!

प्रयोग संपल्यावर मी विचारलं, "मग आपल्या कवड्याला यातलं काय द्यायचं?" कुणी म्हणालं चुरा, कुणी वाळू. आमचा दप्तरवाला मात्र गप्प होता. थोड्या वेळाने म्हणाला, "बाई, तो दगडांत राहायचा ना?"

अगदी बरोबर! कवड्याचं अंथरूण म्हणजे जुन्या भिंतीतली फट. तिथे दिवसा गारवा आणि रात्री खायला पाली. धामणीचं अंथरूण म्हणजे उंदरांची बिळं आणि शेताचा बांध. गांडुळासारखा दिसणारा वाळा ओलसर मातीत राहतो, तर हरणटोळ झाडाच्या फांदीवर. मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे ऊन पंचेचाळीस अंशांच्या घरात जातं, तेव्हा काळ्या मातीला हातहातभर खोल भेगा पडतात. आपण म्हणतो, जमीन फाटली. सापांना त्या भेगा म्हणजे गार तळघरं! ऊब, ओल, आडोसा, तिन्ही गोष्टी एका जागी. एवढं सगळं आपण बरणीत कसं भरणार?

आणि कायदाही तेच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचे साप पकडणं, घरात ठेवणं, विकणं हा गुन्हा आहे. दोन तोंडांचं म्हणून मांडूळ पकडतात, त्याने गुप्तधन मिळतं म्हणून लाखोंचे सौदे होतात. अहो, त्याची शेपटी बोथट असते एवढंच! धन कुणाला मिळत नाही, तुरुंग मात्र मिळतो. आमच्या कवड्याची दादांनी वनविभागाला खबर दिली आणि त्याला गावाबाहेरच्या दगडी बांधात सोडलं. दोन दगडांमधून तो असा दिसेनासा झाला, की जणू स्वतःच्या घराचं दारच त्याने लावून घेतलं.

आता थोडं आई-बाबांसाठी. मुलांनो, हा भाग त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

सापाचं अंथरूण झालं, आता आपलं. मण्यार रात्री फिरते. उंदीर, पाली, दुसरे साप शोधत घरात येते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. तिचे दात इतके बारीक की चावल्याचं कित्येकदा कळतही नाही. सूज नाही, फारसं दुखणं नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, गिळता येत नाही, मग श्वास अडतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातली निम्मी पावसाळ्याच्या चार महिन्यांत.

म्हणून शक्यतो खाटेवर झोपा. खाट नसेल तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी नीट खोचा. डासही राहतील बाहेर आणि सापही. सरपण, कडबा, पऱ्हाट्यांचे ढीग घराच्या भिंतीला लावून रचू नका. धान्य झाकून ठेवा, म्हणजे उंदीर येणार नाहीत. रात्री बाहेर जाताना बॅटरी घ्या. आणि साप चावलाच, किंवा चावल्याची नुसती शंका आली, तरी त्या माणसाला चालवू नका, चावलेला हात-पाय हलू देऊ नका, अंगठी-बांगड्या काढा. दोरीने आवळू नका, ब्लेडने कापू नका, भगताकडे वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर एकच लस चालते, फक्त ती वेळेत मिळायला हवी.

सोमवारी आमचा दप्तरवाला लवकर शाळेत आला. बरणी घासूनपुसून आणली होती. "बाई, खडू ठेवाले घ्या." मग जरा थांबून म्हणाला, "आजी खाले जपे. आते खाटवर जपस." म्हणजे आजी खाली झोपायची, ती आता खाटेवर झोपते. मी विचारलं, "आणि खाटेवर आधी कोण झोपायचं?" तर साहेब लाजून हसले. "मी. मना करता मच्छरदानी लई उनात बाबा."

भोकांच्या झाकणाची ती बरणी आता माझ्या टेबलावर असते. दोस्तांनो, तुमच्या घरात खाली कोण कोण झोपतं, ते आज रात्री जरा बघा. आणि पुढच्या आठवड्यापर्यंत त्याचं काय केलंत, ते मला पत्राने नक्की कळवा.

— तुमच्या बाई