नवगावचं जहाज आणि पुराव्याचं माप

नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, आणि त्यांच्यापासून कोकणातला बेने इस्राएल समाज वाढला. अलिबाग तालुक्यात वाढलेल्या प्रत्येकाने ही कथा कधी ना कधी ऐकलेली असते. हल्ली ती पर्यटनाच्या माहितीत आणि व्हॉट्सॲपवर ‘इ.स.पूर्व १७५’ असा आकडा लावून फिरते. मी अनेक वर्षं शाळेत इतिहास-भूगोल शिकवला आहे, आणि हा आकडा वस्तुस्थिती म्हणून छापायला माझा विरोध आहे. कथेला मात्र विरोध नाही. हा फरक मला नीट मांडता आला तो एका परक्या बाईंमुळे.

माझी भाची अमेरिकेत युटा राज्यात राहते. तिच्या शेजारचं कुटुंब मॉर्मन पंथाचं आहे. मी तिकडे गेले असताना शेजारच्या बाईंनी मला त्यांचा धर्मग्रंथ आणून दाखवला, आणि मी आमच्या इस्राएल लोकांची हकीकत सांगितल्यावर सरळ विचारलं, “तुमच्या किनाऱ्याला इस्राएलहून निघालेलं जहाज लागलं हे तुम्ही मानता. मग आमच्या लेहीचं जहाज अमेरिकेला लागलं हे मानायला काय हरकत आहे?”

प्रश्न रास्त होता. दोन्ही कथांचा सांगाडा एक आहे. ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात पालमायरा इथे छापून घेतला. देवदूताने दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरून आपण तो उतरवला आणि पत्रे देवदूताला परत केले, असं त्यांचं म्हणणं. त्यात सिद्कीया राजाच्या काळात, म्हणजे इ.स.पूर्व ६०० च्या सुमारास, लेही नावाचा माणूस कुटुंबकबिला घेऊन यरुशलेम सोडतो, तांबड्या समुद्राच्या कडेने अरबस्तान ओलांडतो, जहाज बांधतो आणि अमेरिकेला पोचतो. त्याच्या वंशजांची पुढे शहरं उभी राहतात, युद्धं होतात आणि शेवटी एका टेकडीपाशी दोन लाखांहून अधिक माणसं कापली जातात.

बाईंना उत्तर द्यायचं तर आधी आपल्या घरचा हिशेब काढायला हवा. नवगावच्या जहाजाला पुरावा काय?

बंदराचा पुरावा भक्कम आहे. नवगावहून दक्षिणेला काही तासांच्या पायी वाटेवर चौल आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-पुस्तकात त्याचं नाव येतं, टॉलेमीच्या भूगोलात येतं, दहाव्या शतकात अरब प्रवासी अल-मसुदी तिथे येऊन गेला. डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांनी चौलला उत्खनन केलं, त्यात सातवाहनकाळातली वस्ती आणि समुद्रापारच्या व्यापाराच्या खुणा मिळाल्या. तांबड्या समुद्राकडून येणारं गलबत या पट्ट्यात येणं रोजच्यातलं होतं, आणि थळ-नवगावसमोरचे खडक ज्याने ओहोटीला पाहिले आहेत त्याला ते फुटण्याचंही नवल वाटणार नाही. पण एवढ्याने कळतं ते इतकंच, की असं घडू शकलं असतं. घडलं का, आणि कधी, याबद्दल चौलची खापरं काही बोलत नाहीत.

नवगावच्या दफनभूमीत आज स्मारक आहे. पहिल्या बुडालेल्यांना पुरलं ते ढिगारे म्हणून जे दाखवतात, त्यांवर एकही अक्षर नाही. या समाजाचा उल्लेख करणारं सर्वांत जुनं खात्रीचं पत्र म्हणजे डॅनिश मिशनशी संबंधित सार्टोरियस या पाद्र्याने १७३८ मध्ये लिहिलेलं. त्याआधी बाराव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तमधले विद्वान मैमोनिडीझ हिंदुस्थानातल्या अशा यहुद्यांचा ओझरता उल्लेख करतात, ज्यांना शनिवारचा शब्बाथ आणि सुंता यापलीकडे धर्मशास्त्र माहीत नाही. वर्णन आपल्या लोकांना चपखल बसतं, पण गावाचं नाव त्यात नाही. ‘१७५’ हा आकडा येतो हाईम सॅम्युएल किहीमकर यांच्याकडून. १८९७ मध्ये लिहिलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीवला छापलेल्या आपल्या इतिहासात त्यांनी तर्क केला, की अँटायोकस राजाच्या छळाला कंटाळून हे लोक निघाले असावेत. तर्क विचारपूर्वक केलेला आहे. पण तो तर्क आहे, आणि त्याच समाजातले इतर अभ्यासक कधी त्याच्या कित्येक शतकं आधीची तर कधी कित्येक शतकं नंतरची वेळ सांगतात.

आणि तरीही ही कथा मला पोकळ वाटत नाही, कारण तिने जिथे खुणा सोडायला हव्यात तिथे सोडल्या आहेत. अलिबागच्या इस्राएल आळीत माझी वर्गमैत्रीण राहायची. तिच्या आजीच्या स्वयंपाकघरात मुशी, शिंगाळा, कोळंबी कधी शिरली नाही. पर आणि खवलं असलेलीच मासळी चालायची. कोळणीच्या टोपलीत वाकून आजी नखाने खवलं उचकटून बघायची आणि मगच भाव करायची. नवसाच्या मलिद्याला परातीत भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं, आणि प्रार्थना एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याची. पोहे-खोबरं आमच्याच घरातलं आणि हाक मात्र यरुशलेमकडची. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांना आसपासच्या गावांनी शनवार तेली म्हटलं, म्हणजे शेजाऱ्यांनीही, कुणी न सांगता, या लोकांचं वेगळेपण नोंदवून ठेवलं. राहाबी नावाच्या यहुदी पाहुण्याने बायकांना मासळी रांधायला सांगून हे लोक ओळखले, अशीही आठवण आहे. फक्त तो राहाबी इ.स. १००० च्या सुमाराचा की अठराव्या शतकातला, यावर एकमत नाही.

मग रक्ताची साक्ष निघाली. २०१६ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात बेने इस्राएलांच्या जनुकांचा अभ्यास छापून आला. या समाजात मध्यपूर्वेतल्या यहुद्यांचा आणि स्थानिक भारतीयांचा, दोन्ही वंश ठळकपणे सापडले. यहुदी बाजू मुख्यतः पुरुषांकडून, भारतीय बाजू मुख्यतः बायकांकडून. आणि हे मिसळणं १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचं, म्हणजे ढोबळमानाने साडेसहाशे ते हजार वर्षांमागचं. याचा अर्थ नीट वाचला पाहिजे. पश्चिमेकडून यहुदी पुरुष इथे आले, हे आता परंपरेच्या बाहेरून सिद्ध झालं. पण दोन हजार वर्षांपूर्वी आले हे सिद्ध झालं नाही, आणि सात जोडपी आली हेही नाही. आलेल्यांत बायका फार नसाव्यात असंच जनुकं सुचवतात.

लेहीच्या जहाजाला हेच माप लावून पाहिलं. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे पूर्वज सैबेरिया आणि पूर्व आशियाकडून आले, असं जनुकं सांगतात. यरुशलेमची खूण तिथे लागलेली नाही. ग्रंथात घोडे आहेत, पोलाद आहे, गहू आहे. अमेरिकेतला घोडा सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच नाहीसा झाला होता. तो पुन्हा आला स्पॅनिश जहाजांतून, कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत, १४९३ मध्ये. गहूही युरोपीयांनी नेला. मॉर्मन लोकांनी पुरावा शोधायची हयगय केली असंही नाही. १९५२ मध्ये टॉमस स्टुअर्ट फर्ग्युसन यांनी पुरातत्त्वाची संस्था उभारली आणि मेक्सिकोतल्या चियापास भागात अनेक वर्षं खणलं. त्या संस्थेचं काम माया-पूर्व संस्कृतीच्या अभ्यासात आजही नावाजलं जातं. पण ज्यासाठी खणलं ते मिळालं नाही, आणि फर्ग्युसन यांचा ऐतिहासिकतेवरचा विश्वास उडाला. २००० नंतरच्या दशकात चर्चने ग्रंथाच्या प्रस्तावनेतला एक शब्दप्रयोगही बदलला. लेहीचे वंशज आधी अमेरिकी इंडियनांचे ‘मुख्य पूर्वज’ होते, ते ‘पूर्वजांपैकी’ झाले.

त्या बाईंनी येमेनमधल्या मारिबच्या वेदींचा दाखला दिला. तिथल्या शिलालेखात न-ह-म ही अक्षरं एका टोळीचं नाव म्हणून येतात, काळ इ.स.पूर्व सातवं-सहावं शतक, आणि ग्रंथात अरबस्तानातल्या वाटेवर ‘नाहोम’ नावाचं ठिकाण आहे. दाखला लक्ष देण्याजोगा आहे. तो टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. पण तो चौलच्या खापरांच्या जातीचा आहे: वाटेवर असं नाव होतं, एवढंच त्याने कळतं. वाटेच्या पलीकडे जी शहरं, जी लाखोंची सैन्यं उभी केली आहेत त्यांना तो पुरत नाही.

बायबलचं काय? इथे माझे ख्रिस्ती मित्र खूश होतात, पण त्यांनीही अर्ध्यावर थांबावं. लेही ज्या पिढीत निघाला असं सांगतात, त्याच पिढीतला यहुदाचा कैद झालेला राजा यहोयाखीन याला बाबिलोनमध्ये तेलाचा शिधा दिल्याच्या मातीच्या पाट्या सापडल्या आहेत. शिध्याच्या हिशेबात राजाचं नाव, आणि लिहिणारा शत्रूचा कारकून. त्याला बायबल खरं ठरवण्यात कसलंच स्वारस्य नव्हतं, म्हणून ती साक्ष मोलाची. हिज्कीया राजाने यरुशलेममध्ये पाण्यासाठी खोदलेला अर्ध्या किलोमीटरहून लांब बोगदा आजही आहे आणि त्यात सापडलेला लेखही. असुरी राजा सन्हेरीब आपण त्याला कोंडलं हे लिहितो, शहर घेतलं असं मात्र लिहीत नाही, आणि बायबलही शहर वाचलं असंच सांगतं. १९९३ मध्ये तेल दान इथे ‘दाविदाचं घराणं’ कोरलेला दगड निघाला, १९६१ मध्ये कैसरियाला येशूच्या खटल्यातल्या पिलाताच्या नावाचा. पण यरीहोला कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते ५८ खणलं, तेव्हा यहोशवाने तिथला तट पाडला असं ज्या काळी मानतात, त्या काळात तिथे पाडण्याजोगा तट नव्हता असं आढळलं. मिसरातून लाखोंच्या संख्येने बाहेर पडून सिनाईच्या वाळवंटात चाळीस वर्षं राहिलेल्या लोकांचा मागमूस नाही. एकाच ग्रंथात राजांच्या हकीकती तपासाला उतरतात आणि त्याआधीच्या कथा उतरत नाहीत.

त्यामुळे माझं उत्तर असं झालं: दावा जेवढा मोठा, तेवढी त्याची खूण मोठी असायला हवी. चौदा माणसं किनाऱ्याला लागली, गावात मिसळली, घाणा चालवू लागली, तर त्यांची शिलालेखात नोंद नसणं स्वाभाविक आहे. त्यांची नोंद शेजाऱ्यांनी दिलेल्या नावात, मासळीत आणि रक्तात असेल, आणि ती आहे. हजार वर्षं नांदलेली, पोलाद गाळणारी, गहू पिकवणारी राज्यं मात्र खुणा न ठेवता जाऊ शकत नाहीत.

बाईंना मी आणखी एक सांगितलं. मी चित्पावन घरातली. समुद्रातून वाहत आलेली चौदा प्रेतं परशुरामाने जिवंत केली आणि त्यांतून आमचे पूर्वज झाले, अशी कथा सह्याद्रिखंडात आहे. चौदा हा आकडा दोन्हीकडे यावा, याच किनाऱ्यावर यावा, हा योगायोग अनेक अभ्यासकांच्या नजरेत भरला आहे. कोणी कोणाकडून घेतली, की किनाऱ्यावरच्या लोकांना आपली सुरुवात अशी सांगायची सवयच होती, हे ठरवता येत नाही. पण नवगावच्या चौदांना जे माप लावायचं तेच आमच्या चौदांना, आणि परशुरामाच्या बाणाने मागे हटलेल्या समुद्रालाही.

या तपासाची एक काळी बाजूही आहे आणि ती विसरता कामा नये. इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएलांकडे तिथल्या काही धर्मगुरूंनी, विवाहाच्या वेळी, वंशशुद्धीचा पुरावा मागितला. लोकांना आंदोलन करावं लागलं आणि १९६४ मध्ये त्यांना पूर्ण यहुदी म्हणून मान्यता मिळाली. माणसाचं आपलेपण पुराव्यावर टांगणं हा अन्याय आहे. माझ्या मैत्रिणीची आजी यहुदी होती, कारण ती शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावायची. जहाज कोणत्या साली फुटलं याचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणूनच खोटा आकडा छापून त्या समाजाचा मान वाढत नाही, आणि तो आकडा काढला तर मान घटतही नाही.

पण जो खरा पुरावा हाताशी आहे तो जपायला हवा. अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख पाहा. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा वाचला जाणारा हा दगड मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक, आणि तो वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेला ऊनपाऊस खात उभा होता. पुरावा हातात असून आम्ही तो असा वागवला. इस्राएल दफनभूमींचं तसं होऊ नये. अलिबाग, नवगाव, रेवदंडा, पेण, रोहा इथे ज्या थडग्यांवर हिब्रू-मराठी अक्षरं आहेत, त्या प्रत्येक दगडाचं छायाचित्र, वाचन आणि मोजमाप व्हायला हवं. दर पावसाळ्यात त्यांतली काही अक्षरं जातात. घराघरांत पडलेल्या जुन्या घाण्यांची, सिनेगॉगमधल्या विवाह-नोंदवह्यांची यादी हवी. अलिबागच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या मुलांकडून हे काम एका थंडीत सुरू होऊ शकतं, खर्चही फार नाही. बिनअक्षरी ढिगाऱ्यांना मात्र समाजाच्या संमतीशिवाय कुदळ लावू नये. संमती मिळाली नाही तर ते तसेच राहू द्यावेत, आणि फलकावर सालाऐवजी ‘परंपरेनुसार’ असं लिहावं.