विमानाच्या सीटला सरकारी मदत, मग होटगीच्या एसटीला 'तोटा' का म्हणायचं?

होटगी : आपल्या गावाहून सोलापूरला निघालं की होटगी रोडला विमानतळ लागतो. त्यासाठी १५ जून २०२३ ला सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली. केवढा वाद झाला तेव्हा, सगळ्यांना आठवतंय. २९ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधानांनी ऑनलाइन उद्घाटन केलं. ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान उडालं आणि १५ ऑक्टोबर २०२५ पासून मुंबईचं सुरू झालं. सोलापूरला विमान हवंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही.

पण हे विमान कसल्या पैशावर उडतं, हे गावातल्या माणसालाही माहीत पाहिजे. एक फेरी मारायला कंपनीला जो खर्च येतो आणि तिकिटातून जे पैसे येतात, त्यातला फरक सरकार भरून देतं. सोलापूर–पुणे–मुंबई मार्गासाठी राज्य मंत्रिमंडळानं २०२५ मध्ये तसा निर्णय घेतला. सरकारी कागदावर याचं नाव 'व्यवहार्यता तफावत निधी'. सोप्या भाषेत सांगायचं तर, भाडं परवडेल एवढंच ठेवा, कमी पडेल ते आम्ही देतो. विमान कंपनी तोट्यात आहे म्हणून कोणी ओरडत नाही, कारण तो तोटा धरलाच जात नाही.

आता त्याच रोडवरून धावणाऱ्या एसटीचं बघा.

एसटीत एक शब्द आहे, भारमान. म्हणजे गाडीतल्या किती सीटा भरल्या त्याचं प्रमाण. खेड्याकडच्या फेरीचं भारमान घसरलं की आगारातून ती फेरी कमी होते, नाहीतर बंद होते. फेरी कमी झाली की माणूस ताटकळत बसत नाही. तो वडापनं जातो, किंवा कर्ज काढून मोटारसायकल घेतो. मग उरलेल्या फेरीचं भारमान आणखी पडतं आणि तीही जाते. शेवटी साहेब सांगतात, 'तुमच्या रूटला पॅसेंजरच नाहीत.' पॅसेंजर होते हो, गाडी वेळेवर नव्हती.

यात आगारातल्या माणसांचा दोष कमी आणि रचनेचा जास्त. एसटी ज्या कायद्यावर उभी आहे, त्या १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याच्या २२ व्या कलमातच लिहिलंय की महामंडळानं व्यापारी तत्त्वावर कारभार करावा. एकीकडे धंदा करा म्हणायचं, दुसरीकडे 'गाव तिथे एसटी' म्हणायचं. दोन्ही एकाच खिशातून कसं जमणार? जून २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी एसटीची श्वेतपत्रिका काढली. त्यात साचलेला तोटा दहा हजार कोटींच्या वर दाखवलाय. आकडा खरा आहे. पण त्यातला किती तोटा गैरकारभाराचा आणि किती आपल्यासारख्या गावांना सेवा दिल्याचा, हे वेगळं काढल्याशिवाय त्या आकड्यावरून निकाल देता येत नाही.

'सरकार सवलती देतंय की!' असं कोणी म्हणेल. देतंय, आणि चांगल्या देतंय. ७५ वर्षांवरच्या आजी-आजोबांना २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास, बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, शाळेतल्या पोरींना अहिल्याबाई होळकर योजनेतून फुकट पास. या सवलतीचे पैसे सरकार एसटीला देतं, पण तिकिटामागे देतं. म्हणजे गाडीत माणूस चढला तर पैसा. जिथं फेरीच बंद, तिथं ना तिकीट, ना सवलत, ना पैसा. पोरीच्या दप्तरात पास आहे, पण कॉलेज सुटल्यावर गाडी नसेल तर त्या पासाचं काय करायचं?

मागणी इथंच करायला हवी. विमानाला फेरीमागचा फरक मिळतो, तसाच तो एसटीच्या ठरलेल्या फेऱ्यांना मिळावा. गावासाठी कोणत्या फेऱ्या चुकवायच्याच नाहीत, त्याची यादी व्हावी. सकाळची शाळा-कॉलेजची, दुपारची दवाखान्याची, संध्याकाळची परतीची. या फेऱ्यांना भारमानाची अट नको. किलोमीटरमागे जो खड्डा पडेल तो सरकारनं वर्षाच्या सुरुवातीलाच भरावा. आणि फेरी चुकली तर त्या फेरीचे पैसे कापावेत. आयता पैसा देऊन उपयोग नाही, हेही तितकंच खरं.

आपल्या तालुक्याला याची गरज जरा जास्तच आहे. दक्षिण सोलापूरला स्वतःचं तालुक्याचं गाव नाही. तहसील कचेरी सोलापूर शहरात, सिव्हिल हॉस्पिटल तिथंच, मार्केट यार्डही तिथंच. उत्पन्नाचा दाखला काढायचा तरी जिल्ह्याच्या गावाला चक्कर. होटगी रेल्वेचं जंक्शन आहे, वाडीकडची आणि विजयपूर-गदगकडची लाईन इथं फुटते. पण रेल्वेचं वेळापत्रक लांबच्या प्रवाशाचं असतं, दहा वाजता कचेरी गाठणाऱ्याचं नाही.

राहिला सुरक्षेचा प्रश्न. वडापवाल्याला शिव्या देऊन भागत नाही, एसटी नसते तेव्हा तोच नेतो. पण नऊ माणसांच्या गाडीत पंधरा कोंबली आणि अपघात झाला, तर विम्याचं भांडण वर्षानुवर्षं चालतं. एसटीत तिकिटावर अपघात सहायता निधीचा एक रुपया घेतात, तो याचसाठी. म्हणून उतरेपर्यंत तिकीट फेकू नका. तरी एसटीचंही सगळं आलबेल नाही. २९ नोव्हेंबर २०२४ ला गोंदियाजवळ शिवशाही उलटून ११ जण गेले. २५ फेब्रुवारी २०२५ ला पुण्यात स्वारगेट स्थानकात उभ्या शिवशाहीत तरुणीवर अत्याचार झाला. त्यानंतर स्थानकांच्या सुरक्षेची तपासणी झाली. खेड्यातल्या थांब्यावर अंधारात उभ्या राहणाऱ्या बाईची तपासणी कोण करणार? फाट्यावर एक दिवा, एक शेड, गाडी कुठवर आली ते मोबाईलवर खरं खरं दिसणं, एवढ्यानंही पुष्कळ फरक पडतो.

नव्या गाड्यांच्या घोषणांवर मात्र लगेच टाळ्या वाजवू नयेत. एसटीनं ५,१५० ई-बसचा करार केला, गाड्या वेळेत आल्या नाहीत, म्हणून मे २०२५ मध्ये मंत्र्यांनी तो रद्द करायला सांगितलं. सोलापूर महापालिकेच्या बसचं तर आपण डोळ्यांनी पाहिलंय. केंद्राच्या योजनेतून आलेल्या नव्या गाड्यांच्या चेसीलाच तडे गेले आणि गाड्या डेपोत पडून राहिल्या. आता पीएम ई-बस सेवा योजनेतून सोलापूरला १०० ई-बस मंजूर आहेत. त्यातल्या काही होटगी-कुंभारीपर्यंत याव्यात, हे मार्ग ठरण्याआधीच मागितलं पाहिजे. एकदा मार्ग ठरले की मग 'पुढच्या वेळी बघू' हे उत्तर ठरलेलं.

मागायचं कसं? आठ दिवस फाट्यावर बसून वहीत नोंद ठेवा. कोणती गाडी किती वाजता आली, कोणती आलीच नाही, किती माणसं वडापनं गेली, त्यात शाळेची पोरं किती. १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, १ मे, जी ग्रामसभा पुढे असेल तिच्यात ही वही मांडून ठराव करा. ठरावात फेरीची वेळ लिहा. 'जादा गाड्या सोडाव्यात' असं मोघम लिहिलं की कागद फायलीत जातो. एक प्रत आगार व्यवस्थापकाला, एक विभाग नियंत्रकाला, एक आमदारांना. पोच घ्यायला विसरू नका.